जहांगीर रतनजी दादाभाई टाटा

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा ऊर्फ जे.आर.डी. टाटा (जन्म : पॅरिस, २९ जुलै १९०४, मृत्यू : जिनिव्हा, २९ नोव्हेंबर १९९३) हे भारतीय उद्योगपती, वैमानिक आणि भारतातील नागरी विमानवाहतुकीचे प्रवर्तक होते. मुंबईहून युरोप-अमेरिकेपर्यंत जाणाऱ्या एअर इंडिया या विमानसेवेची उभारणी त्यांनी केली. टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्षपद त्यांनी १९३८ पासून अर्धशतकाहून अधिक काळ सांभाळले. तथापि त्यांचा जीव खऱ्या अर्थाने गुंतला होता तो विमानांत.

वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नातलग व सहकारी. आई सुझान ब्रिएर फ्रेंच. त्यामुळे बालपणीची त्यांची भाषा फ्रेंच होती. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हार्डेलो येथे टाटा कुटुंब सुट्टीला जाई. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घर तेथे जवळच होते. त्यांची विमाने पाहतापाहता या मुलाला उड्डाणाचा ध्यास लागला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिलाच परवाना असून त्यावर १ हा क्रमांक होता. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले.

भारत व इंग्लंड यांच्या दरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले. १९३० मध्ये जे.आर.डी. कराचीहून लंडनकडे निघाले, तर तरुण अस्पी इंजिनियर लंडनहून कराचीकडे. इजिप्तमधील अबुकीर येथे इंजिनाच्या स्पार्क प्लगअभावी अस्पी अडकून पडले होते. जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. पारितोषिक अस्पींनी जिंकले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

टपालाचे विमान

इंपीरियल एअरवेज ही ब्रिटिश कंपनी लंडनचे टपाल कराचीपर्यंत विमानाने आणत असे. तेथून पुढे ते रेल्वेने जाई. ही उणीव भरून काढण्याची योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने मांडली. सर दोराबजी टाटांनी दोन लाख रुपये गुंतवण्यास संमती दिली. सरकारने आर्थिक साहाय्य नाकारले. केवळ टपालाच्या वजनानुसार मोबदला देण्याचे ठरले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डीं.नी कराचीच्या द्रिग रोड विमानतळावरून एक इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे ते जुहू येथे उतरवले. वाटेत अहमदाबादला विमानाचे इंधन बैलगाडीतून आणले गेले, हा तपशील त्या काळाची कल्पना देण्यास पुरेसा आहे. जुहूहून बेळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंत व्हिन्सेंट यांनी विमान नेले.

जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतचे मातीचे मैदान. पावसाळ्यात तेथे पाणी साचले की सारा पसारा पुण्याला हलवावा लागे. तरीही पहिल्याच वर्षी सुमारे १ लाख ६० हजार मैलांचे उड्डाण झाले आणि ऐन पावसातही टपाल वेळेवर पोहोचले.

समुद्रापलीकडे

‘टाटा एअरलाइन्स’ १९४६ मध्ये ‘एअर इंडिया’ या नावाने सार्वजनिक कंपनी झाली. त्याच सुमारास बॉबी कूका यांच्या कल्पनेतून व चित्रकार उमेश राव यांच्या कुंचल्यातून भरघोस मिशांचा ‘महाराजा’ साकारला. स्वातंत्र्यानंतर दूरपल्ल्याच्या सेवेसाठी ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ ही स्वतंत्र कंपनी निघाली. तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता. ८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ या कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबई सोडली आणि कैरो व जिनिव्हामार्गे ते लंडनला पोहोचले. प्रवाशांत जे.आर.डी. स्वतः होते. याच विमानाचा १९५० मध्ये मों ब्लां पर्वतावर अपघात होऊन त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले.

देशांतर्गत विमानवाहतुकीत मात्र गोंधळ माजला होता. युद्धोत्तर काळात स्वस्तात मिळालेल्या विमानांच्या बळावर गरजेपेक्षा अधिक कंपन्यांना परवाने दिले गेले होते. नागपूर हे केंद्र धरून सुरू केलेल्या रात्रीच्या टपालसेवेलाही जे.आर.डीं.चा विरोध होता. १९५० च्या राजाध्यक्ष समितीने कंपन्यांच्या एकत्रीकरणाची शिफारस केली. सरकारने अखेर राष्ट्रीयीकरणाचा मार्ग पत्करला. १ ऑगस्ट १९५३ पासून सर्व विमानकंपन्या सरकारच्या झाल्या. जे.आर.डी. व्यथित झाले, पण परदेशसेवेची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद विनावेतन स्वीकारले. मालकी गेल्यावरही पुढील पंचवीस वर्षे हा माणूस संस्थेसाठी घरच्यासारखा राबला, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण बाब म्हणावी लागेल.

प्रत्येक प्रवासात ते बारीकसारीक नोंदी करीत व परतल्यावर अधिकाऱ्यांना पाठवीत. आसन किती मागे कलते, स्वच्छतागृह नीट आहे की नाही, चहा व कॉफीचा रंग एकसारखाच का दिसतो, येथपर्यंत त्यांचे लक्ष असे. मोठ्या परदेशी कंपन्यांशी विमानांच्या संख्येत बरोबरी शक्य नव्हती. वक्तशीरपणा आणि आतिथ्य यांत मात्र ती शक्य होती, हे त्यांनी ओळखले होते. सेवा क्रमाने नैरोबी, सिंगापूर, टोकियो व सिडनीपर्यंत पोहोचली. १९६० मध्ये बोइंग ७०७ विमाने आली व न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये एअर इंडियाचा संपूर्ण ताफा जेट विमानांचा झाला. जगात हा मान मिळवणारी ती पहिली विमानकंपनी ठरली.

पदच्युती आणि अखेर

१ जानेवारी १९७८ रोजी ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून उडताच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले व २१३ जणांचा बळी गेला. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जे.आर.डीं.ना अध्यक्षपदावरून दूर करून माजी हवाईदल प्रमुख प्रतापचंद्र लाल यांची नेमणूक केली. या निर्णयाच्या निषेधार्थ काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. १९८० मध्ये इंदिरा गांधी सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले. अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडे पुन्हा आले नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी पहिल्या टपालउड्डाणाच्या स्मरणार्थ कराची ते मुंबई हा मार्ग जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून एकट्याने पुन्हा पार केला. १९५५ मध्ये पद्मविभूषण व १९९२ मध्ये भारतरत्न देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला. पॅरिसमधील पेर लाशेज दफनभूमीत त्यांचे दफन झाले. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे परत आली.