पुण्यश्लोक अहिल्यादेवी आणि गयेचे पाथरवट

जीर्णोद्धाराचे काम निघाले आणि अहिल्यादेवी होळकरांचे नाव कोणाच्या तोंडी आले नाही, असे गाव महाराष्ट्रात सापडणे कठीण. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी १७२५ साली त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांच्या त्या सूनबाई. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ साली सासरे गेले, पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव गेले. एवढे दुःख पदरी घेऊन त्यांनी महेश्वराहून अठ्ठावीस वर्षे राज्य चालविले. काशी विश्वनाथ, सोमनाथ, आपल्याकडचे वेरूळचे घृष्णेश्वर ही देवळे सर्वांना ठाऊक आहेतच. हा खर्च त्यांनी दौलतीच्या तिजोरीवर न टाकता आपल्या खासगीतून केला.

गयेच्या विष्णुपद मंदिराची हकिकत मात्र थोडी निराळी आहे. आपल्याकडील पुष्कळ मंडळी पिंडदानासाठी तेथे जातात. हे मंदिर देवींनी १७८७ साली बांधविले. तिकडे सांगतात ते असे की, देवींनी आधी माणसे धाडली ती चांगला दगड शोधण्यासाठी. दगड पसंत झाला, पण पाथरवट आणविले थेट जयपूरकडून! गयेच्या आसपास गवंडी मिळाले नसते असे नाही, आणि ते स्वस्तातही पडले असते. एवढ्या लांबून कारागीर आणायचे म्हणजे वाटखर्च, राहणे, जेवणखाण आलेच. तरी कठीण काळ्या दगडावर ज्यांचा हात बसला आहे त्यांनाच काम द्यावे, असा विचार त्यात दिसतो. डोंगराच्या पायथ्याशी दगड घडवून गयेस नेले, लोखंडी कांबींनी एकमेकांस सांधले आणि सुमारे शंभर फूट उंचीचे मंदिर उभे राहिले.

मी तालुका कचेरीत लिपिक असल्याने निविदा उघडताना नेहमी पाहतो. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. वशिल्याला आळा बसावा म्हणून हा नियम ठीकच आहे. पण अंदाजपत्रकाच्या फार खाली दर भरणारा ठेकेदार तो तोटा स्वतःच्या खिशातून सोसत नाही, सिमेंटमधून काढतो. एका शाळाखोलीचा स्लॅब दुसऱ्याच पावसाळ्यात गळू लागला आणि दुरुस्तीचा कागद पुन्हा आमच्याच टेबलावर आला. आपल्या समितीने जास्त दराच्या पाथरवटास काम दिले, तेव्हा काही देणगीदारांनी विचारणा केली. ती रास्तच होती, पैसा त्यांचा आहे. त्या पाथरवटाने पूर्वी बांधलेली दोन देवळे पावसाळ्यात जाऊन पाहिल्यावरच समितीने होकार दिला, हे येथे नमूद करतो.

देवी १७९५ साली महेश्वरी निवर्तल्या. गयेचे काम संपल्यावर काही कारागीर आपल्या मुलखी परतले, काही तेथेच राहिले. त्यांच्या गावाचे नाव पत्थरकट्टी. तेथे आजही दगडाच्या मूर्ती घडविल्या जातात.