मिरजेचे फरीदसाहेब

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील सागाचें लांकूड बळकट व टिकाऊ; दारांस व तुळयांस तें उत्तम. परंतु ज्या लांकडांतून सूर निघावयाचा, त्याची परीक्षा निराळी. ती परीक्षा ज्यांस साधली, त्या फरीदसाहेबांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

ते मिरजेच्या शिकलगार घराण्यांतील. हत्यारांस धार लावणें हा त्यांचा पिढीजात धंदा. पुढें तलवारींची मागणी सरली व पोटाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हां ते वाद्यें दुरुस्त करूं लागले आणि इ. स. १८५० च्या सुमारास स्वतः तंबोरे घडवूं लागले.

मिरजेच्या तंबोऱ्यास वाळलेला भोपळा व तून नामक वृक्षाचें लांकूड लागतें. हें लांकूड सागाहून हलकें असतें. तारेचा कंप घोडीवाटे भोपळ्यावरील लांकडी तबलीस पोहोंचतो. तबली पातळ व हलकी असली तर ती सहज घुमते. जाड व जड असली तर नाद दबतो. शिवाय हलकें वाद्य गवयास फार वेळ धरतां येतें.

इ. स. २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. धंदा बुडाला तरी हातचें कसब बुडत नाहीं, हें आमच्या विद्यार्थिबंधूंनीं या चरित्रावरून ध्यानीं घ्यावें.