नावाचा धनी : लुई शेव्हरोले

जुन्या अमेरिकी मोटारींच्या बाजारात १९४७ ते १९५५ या काळातील शेव्हरोले पिकअपला मोठा मान आहे. गंज काढून, पत्रा ठाकठीक करून, सहा सिलिंडरचे इंजिन नव्याने बांधून विक्रीस आणलेल्या अशा गाडीसाठी शौकीन हजारो डॉलर मोजतात. तिच्यावर ज्यांचे नाव झळकते, त्या लुई शेव्हरोले यांना मात्र या नावाचे सुख फारसे लाभले नाही.

२५ डिसेंबर १८७८ रोजी स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी, एका घड्याळजीच्या घरी त्यांचा जन्म झाला. फ्रान्समध्ये सायकली दुरुस्त करताना त्यांना यंत्रांची गोडी लागली. १९०० साली ते कॅनडात आणि तेथून अमेरिकेत गेले. १९०५ पासून मोटारशर्यतींत त्यांचे नाव गाजू लागले. ब्युईकचे सूत्रधार विल्यम ड्युरांट यांनी त्यांना आपल्या शर्यतपटूंत घेतले. पुढे जनरल मोटर्सची सूत्रे हातून गेल्यावर ड्युरांट यांनी या गाजलेल्या नावाचाच आधार घेतला आणि ३ नोव्हेंबर १९११ रोजी डेट्रॉइटमध्ये शेव्हरोले कंपनी स्थापन झाली.

मतभेदही लवकरच उद्भवले. लुई यांना दमदार, उंची मोटार घडवायची होती. ड्युरांट यांना सामान्यांना परवडणारी. १९१३ मध्ये लुई बाहेर पडले. नाव कंपनीकडेच राहिले. १९१८ मध्ये कंपनी जनरल मोटर्समध्ये सामील झाली, तिचे ट्रकही रस्त्यावर आले. १९२८ पासून मुंबईतील शिवडीच्या कारखान्यातही या नावाच्या मोटारींची जोडणी होऊ लागली.

लुई यांनी भावांच्या साथीने 'फ्रंटेनॅक' मोटारी घडवल्या. १९२० साली त्यांनी बनवलेल्या मोटारीतून धाकटे बंधू गॅस्टन यांनी इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या शर्यतीतील अपघाताने गॅस्टन यांचा बळी घेतला. १९२१ मध्ये फ्रंटेनॅकने तीच शर्यत पुन्हा जिंकली, पण व्यवसाय काही तगला नाही. मंदीच्या काळात लुई यांना शेव्हरोलेच्याच कारखान्यात साध्या मेकॅनिकची नोकरी पत्करावी लागली.

६ जून १९४१ रोजी डेट्रॉइटमध्ये त्यांचे निधन झाले. इंडियानापोलिसमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. आज शौकीन जिच्यावर जीव टाकतात ती पिकअप बाजारात आली, तेव्हा त्यांना जाऊन सहा वर्षे उलटली होती.