योगाला प्रयोगशाळेत नेणारे संन्यासी : स्वामी कुवलयानंद

हठयोगाच्या क्रिया एके काळी आश्रमांच्या भिंतींआड गुरूकडून शिष्याकडे जात. सुशिक्षितांच्या दृष्टीने त्या एकतर चमत्कार होत्या किंवा थोतांड. या दोन्ही समजुती कसोटीला लावण्याचे काम स्वामी कुवलयानंद यांनी आयुष्यभर केले.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. 30 ऑगस्ट 1883 रोजी गुजरातमधील डभोई येथे एका सामान्य मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची असली तरी संस्कृतात त्यांनी प्रावीण्य मिळवले. लोकमान्य टिळक आणि अरविंद घोष यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि त्यांनी आजन्म ब्रह्मचर्य व देशसेवेचे व्रत घेतले. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांना भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण मिळाले, तर नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदास यांनी त्यांना योगमार्गाची दीक्षा दिली.

गुरूंवर त्यांची निस्सीम श्रद्धा होती. परंतु शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न श्रद्धेने सुटणारा नव्हता. 1920-21 मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे मोजमापांतून दिसून आले. बस्तिक्रियेत पाणी आत कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यामुळे झाला. या निर्वात अवस्थेला त्यांनी गुरूंचे नाव दिले.

1924 मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. त्यात साधनेच्या विवेचनासोबत प्रयोगांचे तपशील आणि आकडेही छापले जात. निष्कर्ष नेहमीच साधकांच्या अपेक्षेप्रमाणे येत नसत. प्राणायामात शरीराला अधिक प्राणवायू मिळतो, ही लोकप्रिय समजूत मोजमापांत टिकली नाही. ते मत त्यांनी उघडपणे मांडले आणि प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र शोधले. योगाच्या कैवाऱ्याने योगाविषयीचाच एक आवडता समज खोडून काढावा, यातच त्यांच्या संशोधनाची विश्वासार्हता होती.

या कार्याची कीर्ती परदेशांतही पोहोचली. 1930च्या दशकात येल विद्यापीठाचे संशोधक के. टी. बेहनन लोणावळ्यात येऊन त्यांच्याकडे योग शिकले व त्यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले. रोगोपचार आणि शालेय शारीरिक शिक्षण या क्षेत्रांतही योगाला स्थान मिळावे, यासाठी स्वामीजी झटत राहिले.

18 एप्रिल 1966 रोजी त्यांचे देहावसान झाले. आज जगभर योगाच्या परिणामांवर संशोधन होते. साधना आणि संशयबुद्धी एकाच व्यक्तीत सुखाने नांदू शकतात, याचा दाखला त्यांनी त्याआधी अनेक दशके लोणावळ्यात घालून दिला होता.