न दिसणाऱ्या द्रव्याचा हिशेब मांडणारा झ्विकी

जत्रेतला साखळीचा पाळणा वेगात फिरू लागला, की आईबापांची नजर आधी साखळ्यांकडे जाते. वेग जितका जास्त, तितकी साखळी भक्कम हवी. आकाशातल्या दीर्घिकांना बांधून ठेवणारी साखळी म्हणजे गुरुत्वाकर्षण. ती पुरेशी भक्कम दिसत नाही, हे सर्वप्रथम ठामपणे सांगितले फ्रिट्झ झ्विकीने.

झ्विकीचा जन्म १८९८ साली बल्गेरियातील वार्ना या बंदरात झाला. वडील स्विस होते. सहाव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी स्वित्झर्लंडमधील ग्लारूस येथे धाडण्यात आले. झुरिकला भौतिकशास्त्र शिकून १९२५ मध्ये तो अमेरिकेत कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत आला. पुढचे सारे आयुष्य तिकडेच गेले, पण स्विस नागरिकत्व त्याने सोडले नाही.

दीर्घिका एकेकटी न पाहता तिच्या गोतावळ्यासह पाहावी, ही त्याची दृष्टी. १९३३ मध्ये त्याने कोमा या दीर्घिकासमूहातील सभासदांचे वेग तपासले. ते इतके प्रचंड होते, की केवळ दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने समूह एकत्र राहणे शक्यच नव्हते. दिसते त्याच्या सुमारे ४०० पट द्रव्य तिथे असावे, असे त्याचे गणित सांगत होते. त्या काळची अंतरांची मापे चुकीची असल्याने हा आकडा फुगला होता. पण निष्कर्ष खरा ठरला. या न दिसणाऱ्या द्रव्याला त्याने नाव दिले कृष्णद्रव्य.

ऐकले मात्र फारसे कोणी नाही. झ्विकी तापट, जिभेचा तिखट. सहकाऱ्यांचा उघड पाणउतारा करणाऱ्याचे म्हणणे गंभीरपणे कोण घेणार? हाच माणूस दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त ग्रंथालयांसाठी पुस्तके गोळा करून पाठवत होता, हे मात्र विसरले गेले.

१९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे परिभ्रमण मोजले. कडेचे तारे मंदावायला हवे होते, पण ते जवळजवळ आतल्यांच्याच वेगाने फिरत होते. पुढे इतर सर्पिल दीर्घिकांतही तेच आढळले. कृष्णद्रव्याचे वेष्टन मानल्याशिवाय बहुतेकांना गत्यंतर उरले नाही.

मग प्रश्न आला शेजाराचा. समूहाच्या गर्दीत सर्पिल दीर्घिकेचे हे वेष्टन टिकते का? १९८८ मध्ये रुबिन व सहकाऱ्यांना समूहाच्या गाभ्याजवळच्या काही सर्पिलांत कडेचा वेग घटलेला दिसला. नंतरच्या निरीक्षणांत हा फरक तितका ठळक आढळला नाही, आणि वाद राहिला. एवढे मात्र पक्के, की समूहातील तप्त वायू दीर्घिकेचा थंड वायू ओरबाडून नेतो, आणि जवळून गेलेली शेजारीण तिची तबकडी वाकवते, शेपट्या ओढून काढते. दीर्घिकांमधले असे पूल व शेपट्या झ्विकीने १९५० च्या दशकातच अभ्यासल्या होत्या.

१९७२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. १९७४ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या जुन्या हिशेबाकडे जग नुकते वळू लागले होते. चाळीस वर्षे वाया गेली ती काही गणित चुकले म्हणून नव्हे. मांडणाऱ्याचे कोणाशी पटत नव्हते, हेही त्याचे एक कारण. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, हे कोडे अजून सुटलेले नाही. ते सोडवणारा उद्या असाच कोणी चिडखोर निघाला, तर निदान त्याची आकडेमोड तरी शेवटपर्यंत वाचली जावी.