बाटली क्रमांक ५३-एन

प्लेगच्या साली गावे ओस पडली, माणसे शेतात झोपड्या घालून राहिली, ही हकीकत आमच्या वडनेरकडे आम्ही आजीच्या तोंडून ऐकली. तेव्हा प्लेगची सुई निघाली होती, असेही ती सांगे. ती काढणाऱ्याचे नाव तिला ठाऊक नसावे. ते होते वॉल्डेमार हाफकिन. परळच्या संस्थेमुळे हे नाव आपल्या कानांवर असते. त्या माणसाच्या वाट्याला काय आले, हे फारसे कुणाला माहीत नसते.

हाफकिन १८६० साली ओडेसा शहरी, ज्यू कुटुंबात जन्मले. धर्म बदलला असता तर रशियातच चांगली जागा मिळती. ते त्यांनी केले नाही. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत ग्रंथपालाची नोकरी धरली आणि उरल्या वेळात जंतू वाढवले. १८९२ साली कॉलऱ्याची लस केली, स्वतःला टोचून पाहिली आणि पुढल्या वर्षी हिंदुस्थानात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ताप आणि गाठींनी माणसे दगावू लागली. हा प्लेग आहे, हे मूळचे गोव्याचे डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी ओळखले. सरकारने हाफकिनना कलकत्त्याहून बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर काम सुरू झाले. गाठीतला जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, तरी तो प्लेगचाच कशावरून? हाफकिननी मांसाच्या रसावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचा जंतू त्या थेंबांना धरून वाढतो आणि झुंबरासारखा खाली लोंबतो. भांडे हलले की तुटून तळाशी बसतो. आपल्या स्वयंपाकघरातले तूप असे निदानाच्या कामी आले! हे जंतू उष्णतेने मारून लस झाली. १० जानेवारी १८९७ रोजी तिची भली मोठी मात्रा त्यांनी आधी स्वतः घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी आपण होऊन पुढे आले.

तेव्हा प्लेगवर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले ते १९४३ मध्ये. आणि १९९५ साली मादागास्करमधल्या एका रोग्याच्या अंगातला प्लेगचा जंतू त्यालाही, आणखी कित्येक औषधांनाही दाद देईना. त्यामुळे आज जंतू ओळखून भागत नाही. तो कोणत्या औषधाने मरतो, हेही तपासावे लागते.

हाफकिन यांच्यावर घाला आला तो ३० ऑक्टोबर १९०२ रोजी, पंजाबातल्या मुलकोवाल गावी. त्या दिवशी टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतले, क्रमांक ५३-एन. बाकीच्या बाटल्यांची लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

धनुर्वाताचा जंतू बाटलीत शिरला कधी? परळला भरताना, की गावात उघडताना? बाटली भरून महिना उलटला होता. जंतू तेव्हापासून आत असता, तर उघडताक्षणी दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्या डॉक्टरला वास आला नव्हता. उलट बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि ज्योतीवर न धरता नुसता औषधी पाण्यात बुडवून वापरला गेला होता. चौकशी समितीने मात्र ठपका परळवर ठेवला. हाफकिननी बदललेली लस करण्याची रीत तिच्या नजरेत खुपत होती. बँकेत उभी हयात गेलेल्या मला खातेनिहाय चौकशा ठाऊक आहेत. निष्कर्ष आधी ठरला की पुरावा फाइलीत पडून राहतो. वास आला नाही, ही नोंद तशीच पडून राहिली.

हाफकिन निलंबित झाले, लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे आपली बाजू मांडत राहिले. १९०७ साली मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कुठे सरकार हलले. दोषमुक्ती मिळाली. परळ मिळाले नाही. कलकत्त्याला जागा दिली, पण माणसांवर लशीचे प्रयोग करण्याची मुभा नव्हती. ज्याने दोनदा स्वतःचा दंड पुढे केला, त्याला ही अट! १९१४ साली ते निवृत्त झाले.

परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ साली दिले गेले. तेव्हा ते युरोपात होते. लग्न केलेले नव्हते. साठवलेली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांसाठी न्यास करून ठेवली आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला ते वारले.