बाबा आमटे, पाठीचा कणा आणि पोटाचा प्रश्न

मुरलीधर देविदास आमटे यांना उत्तरायुष्यात बसता येत नसे. मानेच्या व कमरेच्या मणक्यांची झीज एवढी झाली होती, की एक तर उभे राहावे, नाही तर आडवे व्हावे. उपचारांनंतरही बसणे काही परत मिळाले नाही. तरीही १९८५ च्या डिसेंबरात सत्तरी ओलांडलेले बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ अभियान घेऊन निघाले. तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनातील बिछान्यावर. या दृश्याने महाराष्ट्र भारावला, हे स्वाभाविकच होते. परंतु त्यांच्या सहनशक्तीचे गुणगान करताना त्यांच्या कार्यातील अर्थशास्त्र मात्र दुर्लक्षित राहिले.

१९१४ साली हिंगणघाटला सुखवस्तू जमीनदार घरात त्यांचा जन्म झाला. पुढे वकिली केली. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविले आणि त्याच काळात मैल्याच्या पाट्याही डोक्यावर वाहिल्या. तुळशीराम नावाच्या, मरणपंथाला लागलेल्या कुष्ठरुग्णाला पाहून प्रथम ते भयभीत झाले. त्या भयाचीच त्यांना लाज वाटली आणि आयुष्याची दिशा पालटली. १९४९ मध्ये कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले. सल्फोन गटातील औषधे तेव्हा नुकतीच उपलब्ध होऊ लागली होती. औषधाने जंतू मरतात, पण बऱ्या झालेल्या माणसाला गाव परत घेत नाही आणि त्याच्या श्रमाला कोणी गिऱ्हाईक मिळत नाही, हे बाबांनी ओळखले. म्हणून १९५१ मध्ये साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण आणि एक लंगडी गाय यांच्यासह ते वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ जमिनीवर राहायला गेले. त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली. प्रारंभी आनंदवनाचा भाजीपाला वरोऱ्यात कोणी घेईना. पुढे घेऊ लागले. रुग्णाला भिक्षेऐवजी उत्पन्न मिळू लागले. वस्तुतः उपचार तिथेच पुरा झाला.

हाच विचार मणक्याच्या दुखण्याला लावून पाहण्यासारखा आहे. कमरेतील मज्जातंतूंची वाट अरुंद झाली, की थोडे चालताच पाय बधिर होतात, पोटऱ्या भरून येतात. वाकल्यावर वा टेकल्यावर बरे वाटते. डच शल्यचिकित्सक हेंक फर्बीस्ट यांनी १९५४ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. बाबांचे दुखणे नेमके हेच होते असे नव्हे. झीज मात्र दोहोंच्या मुळाशी असते. व्यायाम व औषधे पुरेनाशी झाल्यास शस्त्रक्रियेने दाब काढतात आणि मणका सरकत असल्यास टायटॅनियमचे स्क्रू व दांडे बसवून तो स्थिर करतात.

पूर्वी एवढ्यासाठी नांदेड-लातूरच्या माणसाला हैदराबाद किंवा पुणे गाठावे लागे. १९८८ मध्ये नांदेडला, २००२ मध्ये लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये प्रथम आठ जिल्ह्यांत लागू झाली, त्यात नांदेड होते. पुढच्या वर्षी लातूरही आले. आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत मणक्याच्या काही शस्त्रक्रियाही आहेत. ही लहान गोष्ट नव्हे.

पण योजना मोजते ते रुग्णालयाचे बिल. जोडलेले हाड सांधून यायला काही महिने लागतात आणि त्या महिन्यांची मजुरी कोणत्याच रकान्यात येत नाही. लातूरच्या मोंढ्यात पोती वाहणारा हमाल घ्या, किंवा मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणारा कामगार घ्या. पाठ हेच त्यांचे भांडवल. बाबांना आडवे होण्यासाठी बिछाना होता आणि भोवती आनंदवनही होते, हे त्यांच्या थोरवीला जराही उणेपणा न आणता सांगता येते. हमालाला मात्र पडून राहणे परवडत नाही.

अशा कामगाराला बरे होईपर्यंतचा निर्वाहभत्ता आणि नंतर बसून करता येईल असे काम देणे, हा योजनेचाच भाग व्हायला हवा. खर्च वाढेल, हा आक्षेप खराच आहे. पण मुदतीआधी ओझे उचलून पुन्हा बिघडलेल्या कण्याचा खर्चही त्याच तिजोरीतून जातो. २००८ च्या फेब्रुवारीत बाबा गेले. त्यांचे आनंदवन अजून रुग्णाला औषधाबरोबर कामही देते. इकडे टाके काढून तांड्यावर परतलेल्या ऊसतोड कामगाराला कमरेचा पट्टा आणि वाकू नका हा सल्ला मिळतो, आणि मुकादमाची उचल अजून फिटायची असते.